थंडीतील पहिल्या स्टार्टला बेल्टचा आवाज : लक्षणाकडून कारणाकडे

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दिल्ली, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशाच्या पट्ट्यात मोहरीवरील माव्याचे सर्वेक्षण चालते. थंड, ढगाळ आणि दमट हवा या किडीला मानवते. परंतु रात्रभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांना ती तितकीशी मानवत नाही. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते, तर १६ जानेवारी १९३५ रोजी ते उणे ०.६ अंशांपर्यंत उतरले होते. एवढी टोकाची थंडी नेहमी नसली, तरी दाट धुके, दव आणि हवेतील धूळ यांचा मुक्काम या दिवसांत ठरलेलाच असतो. अशा पहाटे किल्ली फिरवताच बोनेटखालून कर्कश किंचाळी उमटते, काही सेकंदांत किंवा मिनिटा-दोन मिनिटांत ती विरते आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पहाटे तीच कथा सुरू होते. नाशिक जिल्ह्यात निफाड परिसरात पारा पाच अंशांच्या खाली घसरतो, तेव्हा तेथील द्राक्ष बागायतदारांच्या पिकअप गाड्या आणि ट्रॅक्टरही हीच तक्रार करतात.

या आवाजाला सर्वसाधारणपणे दोन प्रकारे उत्तर दिले जाते. 'इंजिन तापले की जातो' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, किंवा गॅरेजमध्ये नेऊन सरळ नवा बेल्ट टाकला जातो. पहिल्या पद्धतीत एखाद्या दिवशी वाटेतच बेल्ट तुटण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत महिनाभराने नव्या बेल्टचाही तसाच आवाज येऊ लागतो. शेतातील पिवळ्या पानाचे उदाहरण येथे तंतोतंत लागू पडते. पान पाण्याच्या ताणाने पिवळे पडते, लोहाच्या कमतरतेने पडते, रसशोषक किडीने पडते आणि मुळांच्या रोगानेही पडते. कारण न शोधता केलेली फवारणी बहुधा वाया जाते. बेल्टचा आवाज हेही केवळ लक्षण आहे. त्यामागील कारण शोधण्याची क्रमवार पद्धत या लेखात मांडली आहे.

बेल्टवर कशाचा भार असतो?

इंजिनच्या पुढील बाजूस मुख्य दांड्यावरील पुली असते. तिच्यावरून फिरणारा बेल्ट अल्टरनेटर, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर, अनेक वाहनांत वॉटर पंप आणि काही वाहनांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. जुनी वाहने व बहुतेक ट्रॅक्टर यांत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा व्ही-बेल्ट असतो. नव्या मोटारींत आतील बाजूस उभ्या धारा असलेला रुंद व चपटा बेल्ट असतो. दोन्ही प्रकारांत शक्तीचे वहन केवळ घर्षणाने होते. घर्षण कमी पडले की बेल्ट पुलीवर घसरतो. रबर क्षणभर पुलीला चिकटते, लगेच सुटते, पुन्हा चिकटते; हे चिकटणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि त्या कंपनातून किंचाळी निर्माण होते.

ही घसरण थंडीतच आणि पहिल्याच स्टार्टला का होते? येथे चार गोष्टी एकत्र येतात. थंडीमुळे रबर कडक होते आणि पुलीच्या खाचेत नीट बसत नाही. दवाचा पातळ थर घर्षण कमी करतो. बेअरिंगमधील ग्रीस घट्ट झाल्याने पुल्या जड फिरतात. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, पण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ती म्हणजे अल्टरनेटरवरील भार. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होते, त्यामुळे स्टार्टर मोटर बॅटरीतून अधिक विद्युतप्रवाह खेचते. त्याच वेळी थंडीने बॅटरीची क्षमताही घटलेली असते. इंजिन सुरू होताच ही तूट भरून काढण्यासाठी अल्टरनेटर पूर्ण ताकदीने काम करू लागतो.

या भाराचा अंदाज साध्या गणिताने येतो. अल्टरनेटर १४ व्होल्टवर ८० अँपिअर प्रवाह देत असेल, तर त्याची विद्युतशक्ती ११२० वॉट होते. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बेल्टने त्याला सुमारे १८७० वॉट, म्हणजे साधारण अडीच अश्वशक्ती पुरवावी लागते. अल्टरनेटरची पुली सर्व पुल्यांत बहुधा सर्वांत लहान असते आणि तिच्याभोवती बेल्टचा वेढाही कमी असतो. म्हणून बेल्ट सैल असेल, तर प्रथम येथेच घसरतो. काही वेळाने बॅटरीची भूक कमी होते, रबर मऊ होते, दव सुकते, ग्रीस सैल होते आणि आवाज थांबतो. आवाज थांबला याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. त्या दोषाला उघडे पाडणारी परिस्थिती तेवढी संपलेली असते.

आवाजाची ओळख

कीटकशास्त्रात आवाजालाही निदानमूल्य आहे. रातकिडा पंखांवरील दातेरी शिरेवर दुसऱ्या पंखाची कडा घासून आवाज काढतो. त्याच्या किरकिरीची गती तापमानाबरोबर वाढते, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आमोस डॉलबेअर यांनी १८९७ मध्ये सूत्ररूपाने मांडले. बेल्टची वागणूक नेमकी याच्या उलट असते. ऊब वाढली की तो शांत होतो. बोनेटखालील आवाज ऐकताना पुढील चार प्रकार वेगळे करता आले, तर निम्मे निदान तेथेच होते.

१. लांबलेली किंचाळी : सलग, कर्कश, भार वाढवताच वाढणारी. बहुधा बेल्टची घसरण. कारणे - ताण कमी असणे, बेल्ट झिजणे, बेल्ट चकचकीत व कडक होणे, त्यावर तेल किंवा कूलंट सांडणे.

२. तुटक चिवचिव : चिमणीसारखी, ठरावीक लयीत, इंजिनाच्या गतीबरोबर जलद होणारी. बहुधा पुल्या एका रेषेत नसणे, किंवा बेल्टच्या धारांमध्ये खडा अथवा मातीची ढेप अडकणे.

३. घरघर किंवा गुणगुण : इंजिनाच्या गतीबरोबर स्वर बदलतो, भाराने फारसा फरक पडत नाही. बहुधा अल्टरनेटर, वॉटर पंप, आयडलर पुली किंवा टेन्शनर यांच्या बेअरिंगमधील बिघाड.

४. खडखड किंवा फटफट : बेल्टची कड उसवून आवरणावर आपटणे, किंवा टेन्शनरचा हात थरथरणे.

इंजिनाच्या आतील टायमिंग चेनची थंड स्टार्टच्या वेळची काही सेकंदांची खडखड ही वेगळी बाब आहे. ती धातूवर धातू आपटल्यासारखी ऐकू येते आणि तिचा बाहेरील बेल्टशी संबंध नसतो. तशी शंका आल्यास ऑइलची पातळी पाहून थेट जाणकार मेकॅनिककडे जावे.

आठवडाभराची नोंद

निदानाची सुरुवात पान्याने न करता वहीने करावी. सात दिवस दररोज पहाटे पुढील बाबी लिहाव्यात : अंदाजे तापमान, दव किंवा पाऊस होता की नाही, गाडी शेडमध्ये होती की उघड्यावर, आवाज किती सेकंद टिकला, तो किंचाळीचा होता की चिवचिवीचा, आणि दिवे, पंखा वा वातानुकूलन चालू केल्यावर तो वाढला का.

फक्त दवाच्या दिवशी, तोही चार-पाच सेकंद आवाज आला आणि कोरड्या थंडीत आला नाही, तर ओलावा हेच कारण संभवते. तेथे काही बदलण्याची घाई नको. वाहन आडोशाला उभे करून पाहावे. दव असो वा नसो, आवाज रोज येत असेल आणि त्याचा कालावधी वाढत असेल, तर पुढील तपासणी अपरिहार्य आहे. किडींच्या बाबतीत आपण आर्थिक नुकसानीची पातळी पाहून निर्णय घेतो. येथेही एका दिवसाच्या आवाजावर निर्णय न घेता त्याचा कल पाहावा.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी - बंद इंजिनावर निरीक्षण. इंजिन बंद व थंड असताना, किल्ली काढून, बॅटरीच्या उजेडात बेल्टची पूर्ण लांबी पाहावी. जुन्या रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडतात. अलीकडच्या ईपीडीएम रबराच्या बेल्टला मात्र सहसा भेगा दिसत नाहीत. तो टायरसारखा झिजतो आणि धारांमधील खाचा रुंद होत जातात. त्यामुळे 'भेग नाही, म्हणजे बेल्ट चांगला' हा जुना ठोकताळा नव्या बेल्टला लागू पडत नाही. धारांची झीज मोजण्यासाठी साधी मापपट्टी मिळते. बेल्टच्या बाजू आरशासारख्या चकाकत असतील, तर तो बराच काळ घसरत आहे असे समजावे. एकाच बाजूची कड उसवली असेल, तर पुल्यांची रेषा तपासावी. बेल्टवर तेलाचा किंवा कूलंटचा ओघळ दिसल्यास आधी गळती थांबवावी, कारण त्याशिवाय टाकलेला नवा बेल्टही लवकरच खराब होतो. थंडीत उबेसाठी उंदीर बोनेटखाली शिरतात. कुरतडलेली कड, लेंड्या किंवा गवताचे तुकडे दिसतात का, तेही पाहावे.

दुसरी पायरी - बॅटरीची तपासणी. रात्रभर विश्रांती घेतलेल्या, पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ व्होल्टच्या आसपास असेल, तर बॅटरी निम्मीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक वाहनांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. काही नव्या वाहनांत संगणक-नियंत्रणामुळे हा आकडा खाली-वर होतो. बॅटरी थकलेली असेल किंवा तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचला असेल, तर अल्टरनेटरवर दीर्घकाळ जादा भार राहतो आणि बेल्ट किंचाळतो. अशा वेळी कितीही बेल्ट बदलले, तरी मूळ कारण बॅटरीतच राहते. मल्टिमीटरने दोन मिनिटांत होणारी ही तपासणी वगळू नये.

तिसरी पायरी - भाराची चाचणी. थंड इंजिन सुरू करून, बोनेटपासून दूर राहून, एकेक भार वाढवावा. प्रथम दिवे, पंखा व मागील काचेचा हीटर चालू करावा. किंचाळी वाढली तर संशय अल्टरनेटरकडे जातो. नंतर वातानुकूलन चालू करावे. त्याच क्षणी आवाज वाढला तर कॉम्प्रेसर तपासावा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असल्यास चक्र एका बाजूस पूर्ण वळवून पाहावे. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगच्या मोटारींत हा पंप नसतो, त्यामुळे तेथे ही चाचणी निरर्थक ठरते.

चौथी पायरी - पाण्याची चाचणी. ही सर्वांत स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे. फवारणीच्या लहान बाटलीत स्वच्छ पाणी घ्यावे. इंजिन मंद गतीवर असताना, सुरक्षित अंतरावरून, बेल्टच्या धारांच्या बाजूवर थोडेसे पाणी फवारावे. विजेच्या जोडण्यांवर पाणी उडू देऊ नये. फवारताच आवाज वाढला, तर बेल्ट घसरत आहे. ताण किंवा टेन्शनर यांचा दोष समजावा. आवाज क्षणभर थांबून पाणी सुकताच परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाजात काहीच बदल झाला नाही, तर बेल्ट निर्दोष असून बेअरिंगकडे वळावे.

पाचवी पायरी - पुल्या व टेन्शनर. ही तपासणी प्रशिक्षित मेकॅनिकनेच करावी. बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवली जाते. ती गुळगुळीत फिरावी. खरखर, अडखळणे किंवा हलवल्यास झोल जाणवल्यास ते बेअरिंग निकामी होत आहे. वॉटर पंपाच्या दांड्याजवळ कूलंटचा डाग दिसणे हीदेखील स्पष्ट खूण आहे. अनेक वाहनांत, विशेषतः डिझेल वाहनांत, अल्टरनेटरवर एकाच दिशेने अडकणारी पुली असते. ती एका दिशेने मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने अडकली पाहिजे. दोन्ही दिशांनी अडकली किंवा दोन्ही दिशांनी मोकळी फिरली, तर ती बदलावी. स्वयंचलित टेन्शनरची स्प्रिंग कालांतराने सैल पडते. इंजिन मंद गतीवर असताना त्याचा हात सतत मोठ्या प्रमाणात थरथरत असेल, तर बेल्टबरोबर टेन्शनरही बदलणे शहाणपणाचे ठरते.

ट्रॅक्टर, डिझेल इंजिन आणि फवारणी यंत्रे

ट्रॅक्टरवरील फॅन बेल्ट बहुधा पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर या तिन्हींना फिरवतो. तो सैल असेल तर पहाटे किंचाळतो, आणि त्याच सैलपणामुळे दुपारी भाराखाली इंजिन तापते. म्हणजे पहाटेचा आवाज आणि दुपारचे तापणे ही एकाच दोषाची दोन लक्षणे असू शकतात. दोन पुल्यांमधील सर्वांत लांब भागावर अंगठ्याने मध्यम जोर देऊन बेल्ट किती दबतो ते पाहावे. सर्वसाधारण नियम असा, की १०० मिलिमीटर अंतरामागे सुमारे दीड मिलिमीटर दाब असावा. मात्र आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडा हाच अंतिम मानावा.

व्ही-बेल्टने पुलीच्या दोन्ही उतरत्या बाजूंना पकडायचे असते. तो झिजून खाचेच्या तळाला टेकू लागला की तळ चकाकतो. अशा वेळी ताण कितीही वाढवला, तरी पकड येत नाही. बेल्ट, आणि गरज असल्यास पुली, बदलणे हाच उपाय राहतो. एचटीपी फवारणी पंप किंवा मळणी यंत्रावर दोन-तीन बेल्टची जोडी असेल, तर सर्व बेल्ट एकदमच बदलावेत. एक नवा व दोन जुने ठेवल्यास सारा भार नव्यावर पडतो. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणला जातो, म्हणून पहिल्या दिवसाच्या कामानंतर ताण पुन्हा तपासावा.

काय टाळावे?

बेल्टला साबण, मेण, राळ किंवा पावडर लावण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. बाजारात चिकट फवारेही मिळतात. यांनी आवाज तात्पुरता दबतो, पण चिकटपणावर धूळ बसते आणि बेल्ट व पुली यांची झीज वाढते. दिल्लीसारख्या धुळीच्या प्रदेशात हा तोटा अधिकच होतो. शिवाय आवाज दबल्याने पुढील निदान कठीण होते. ग्रीस वा ऑइल तर कदापि लावू नये.

दुसरी सामान्य चूक म्हणजे आवाज बंद होईपर्यंत बेल्ट आवळणे. अतिताणाने वॉटर पंप आणि अल्टरनेटर यांच्या बेअरिंगवर सतत ओढ बसते. काहीशे रुपयांच्या बेल्टचा आवाज थांबवताना काही हजारांचा पंप गमावणे परवडणारे नाही.

सुरक्षितता

इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात, पाना, काठी किंवा कापड नेऊ नये. थंडीत मफलर, शाल, ओढणी, साडीचा पदर आणि सैल बाह्या हाच सर्वांत मोठा धोका आहे. तपासणीपूर्वी ते काढून किंवा घट्ट खोचून घ्यावे. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. मुलांना दूर ठेवावे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून चाचण्या करू नयेत, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो.

केव्हा थांबू नये?

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर आठवडाभराच्या नोंदीची वाट पाहू नये : डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा चालू राहणे, तापमानाचा काटा वर चढणे, जळक्या रबराचा वास, बेल्टचे धागे सुटणे, किंवा स्टिअरिंग अचानक जड होणे. ज्या वाहनात वॉटर पंप याच बेल्टवर चालतो, तेथे बेल्ट तुटल्यावर थोड्याच वेळात इंजिन तापते. तसेच पुढे दामटल्यास हेड गॅस्केट जळणे, हेड वाकणे अशी मोठी हानी होते. अशा वेळी इंजिन त्वरित बंद करावे.

आझादपूर मंडईकडे माल घेऊन निघालेली गाडी धुक्याच्या पहाटे रस्त्यात बंद पडली, तर प्रश्न केवळ भाजीच्या भावाचा राहत नाही. मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसेल की नाही, हा खरा प्रश्न असतो. बॅटरी क्षीण असल्यास धोक्याचे दिवेही मंद पडतात. म्हणून हिवाळी हंगाम सुरू होण्यापूर्वी, साधारण नोव्हेंबरमध्येच, बेल्ट, टेन्शनर आणि बॅटरी यांची तपासणी उरकावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गटबैठकीत किंवा शेतीशाळेत हा विषय अर्ध्या तासात दाखवता येतो. एक मल्टिमीटर, एक बॅटरी, पाण्याची बाटली आणि एक झिजलेला व एक नवा बेल्ट एवढे साहित्य पुरते. दोन्ही बेल्ट शेतकऱ्यांच्या हातात द्यावेत. धारांमधील फरक बोटांना जाणवतो. तपासणीचा क्रम नोंद, निरीक्षण, बॅटरी, भार, पाणी आणि शेवटी पुल्या असाच ठेवावा. पहिल्या पाच गोष्टींना जवळजवळ खर्च येत नाही आणि खर्चाची पायरी त्यानंतरच येते. मेकॅनिककडे जाताना नोंदीची वही बरोबर न्यावी. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन तापलेले असते आणि आवाज गेलेला असतो. त्या वेळी पहाटेच्या सात ओळी हाच उपलब्ध पुरावा असतो. शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि पहिला स्टार्ट मेकॅनिकच्या समोरच करावा.